या वयात गोळी कशाला?

आमचे हे शिंपी. ऐंशी ओलांडली तरी कापड बेतायचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. दुकान खाली, घर वर. हृदयाचा झटका आला तोही कापायच्या टेबलापाशीच. दवाखान्यात वेळेवर पोचलो, बंद झालेली शीर मोकळी झाली आणि घरी येताना गोळ्यांची पिशवी मिळाली. त्यातली एक कोलेस्टेरॉलची, रोज जेवणानंतरची, कायमची.

थोड्याच दिवसांत ह्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. उभं राहवेना. मग एकाएकी दुखणं थांबलं आणि स्वारी पुन्हा कात्री घेऊन उभी. मला आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला. इतकी वर्षं संसार केलाय, पाणी कुठे मुरतंय ते कळतं मला. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी बघितली तर भरलेलीच; गोळीनेच पाय दुखतात म्हणून ह्यांनी ती परस्पर सोडली होती. मी घर डोक्यावर घेतलं.

आवाज ऐकून थोरला वर आला आणि त्याने वडिलांचीच बाजू घेतली. "आई, या वयात गोळी कशाला? राहू दे की त्यांना सुखानं. पिकलं पान..."

"तुला पान दिसत असेल. मला नवरा दिसतो," मी म्हटलं.

हे तेवढ्यात कात्री घेऊन खाली दुकानात.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटभर मी भांडणाची तयारी करत होते, कारण त्याही म्हणणार, वय झालंय, जाऊ द्या. बाई माझ्या मुलाहून लहान. पण रागावल्या नाहीत, की आम्हाला वगळून मुलाशी बोलल्या नाहीत. ह्यांनाच विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय करता यायला हवं?"

"उभं राहून कापता यायला हवं. पाय दुखले की कात्री वाकडी जाते."

"हे सांगितलंत ते बरं केलंत." त्यांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. "पण वय झालं म्हणून हे औषध सोडायचं नसतं. एकदा झटका येऊन गेलाय, आणि या वयात पुन्हा यायची भीती जास्तच. म्हणून तर गोळी हवी. ही बदलून कमी ताकदीची देते, जोडीला एक वेगळी. दुखलं तर मला फोन करा, परस्पर बंद करायची नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमचं काय म्हणणं?"

पाठ केलेलं सगळं भांडण विसरले मी. "मला हे अजून हवे आहेत," एवढंच तोंडातून निघालं आणि डोळे भरून आले. थोरला खाली मान घालून बसला होता.

घरी येताना हे जिन्यात दम खायला थांबले. "असं कधी बोलली नव्हतीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चांगलं उतरलेलं, पायांची तक्रार नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. औषध काय, कुणीही लिहून देईल. त्यांनी आम्हाला माणसात धरलं.

आता जेवण झालं की हे आपणहून पाण्याचा पेला घेतात. गोळी तळहातावर धरून मिश्कीलपणे माझ्याकडे बघतात. "काय गं, हवाय ना अजून?"

"हवे आहात," मी म्हणते. "गिळा आता."