माझ्या अंगावर पृथ्वी फिरायची

मी एक जुनी सुती चादर आहे. शिक्षण माझं शून्य. पण मित्रांनो, अख्खी पृथ्वी माझ्या अंगावर फिरलेली आहे. तुमच्या घरातल्या फुलाफुलांच्या चादरींना विचारा, त्यांच्या अंगावर काय फिरलं. फार तर ढेकूण.

माझा जन्म मागावरचा. सूत घट्ट, काठ सरळ. एका सासूबाईंनी मला पाहुण्यांसाठी घेतलं आणि कपाटात जपलं. मग त्यांच्या नातवाचा गुडघा फुटला. त्याला लावायचं लाल औषध माझ्या कडेला सांडलं आणि धुऊन धुऊन हात दुखले तरी डाग काही गेला नाही. सूनबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी वर्गातल्या भिंतीवर लावायला मला मागितलं.

"भिंतीला चादर? तिला काय थंडी वाजते?" सासूबाई म्हणाल्या.

"पडदा करायचाय, आई. मुलांना पृथ्वी दाखवायचीय."

"ने. डागाळलेली आहे, पृथ्वीला चालेल."

इतकं लागट मला कुणी बोललं नव्हतं. पण त्याच बोलण्याने माझं सोनं झालं.

वर्गात मला फळ्यावर चिमट्यांनी ताणून लावत. खिडक्या बंद, पंखाही बंद, कारण मी हलले की पृथ्वी हलायची. आकाशातले उपग्रह हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्या मोजमापांचं हलतं चित्र बाई प्रोजेक्टरच्या यंत्राने माझ्यावर पाडायच्या. वायू कमी तिथे फिकट पिवळं, जास्त तिथे लालभडक. वर्षाचे बारा महिने बघता बघता सरकायचे.

बाईंची रीत न्यारी होती. चित्राचा अर्थ त्या आधी सांगायच्याच नाहीत. प्रत्येक मुलाला पृथ्वीवरची एक जागा राखायला द्यायच्या. मूल पुढे यायचं, माझ्यावर तळवा टेकवायचं आणि आपल्या जागेचा रंग कधी बदलतो ते मोठ्याने सांगायचं. कारणं मागाहून. काय ऊबदार तळवे होते ते. काही चिकटही होते. कुणाचे ते मी सांगत नाही.

एकदा शिंप्याच्या मुलीला दक्षिणेकडचा समुद्र मिळाला. एरवी माझा डाग चित्राबाहेर राहायचा; त्या दिवशी यंत्र जरा मागे सरकलं होतं आणि चित्र मोठं झालं होतं.

"बाई, माझ्याकडे बाराही महिने लाल," ती म्हणाली.

बाई खुर्चीतून उठल्या. कुणी म्हणालं, समुद्रात जहाज जळतंय. कुणी पाण्याखालचा ज्वालामुखी काढला. मुलगी फुलून गेली. बाईंनी चित्र पुन्हा पुन्हा चालवलं. शेवटी यंत्राचा दिवा बंद केला, खिडकी उघडली. पृथ्वी गेली, लाल ठिपका तिथेच.

"शिंप्याची ना ती," मागच्या बाकावरून आवाज आला, "कापडच बघणार."

वर्ग हसून लोळला. मुलीने चटका बसल्यासारखा तळवा काढून घेतला. तास संपल्यावर ती बाईंना म्हणाली, "उद्यापासून मी विज्ञानाच्या तासाला बाहेर बसते."

"बस," बाई म्हणाल्या. "पण उद्याचा दिवस ये. माझं काम आहे तुझ्याकडे."

ती आली आणि दाराशी बसली. उत्तरेकडची जंगलं राखणारा मुलगा म्हणाला, "बाई, तिकडच्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, माझ्याकडचा लाल रंग पुसलाच जातो."

"चादर धुतली असेल," कुणीतरी म्हणालं. पुन्हा खसखस पिकली.

बाईंनी दाराकडे पाहिलं. "काल तूही फसलीस, मीही फसले. कुठे बघायचं ते फसलेल्यालाच कळतं. सांग, हे खरं की चादर?"

ती बराच वेळ उठेना. माझाही जीव टांगणीला लागला. मग ती आली. "आधी दिवा बंद करा," म्हणाली. खिडकी उघडली. शिवण तपासावी तसं तिने मला चाचपलं, उलटून पाठही पाहिली.

"इथे कापड स्वच्छ आहे. लावा आता."

तळवा तिने तिथेच ठेवला. तिकडच्या उन्हाळ्याचे महिने आले तसा तिच्या हातावरचा लाल रंग ओसरत ओसरत फिकट झाला.

"खरं आहे," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी पितंय हे."

"पानं," बाई म्हणाल्या. "नवी पानं फुटली की पितात. गळून कुजली की परत हवेत जातं."

कुणी हसलं नाही. ती बाहेर बसली नाही. पुढे प्रत्येक तासाला आधी कोरी चादर बघायची, मग पृथ्वी, असा नेमच झाला. आणि चादर तपासायचा मान तिचा.

आता वर्गात मोठा टीव्ही आला आहे. नवी सून आली की सासूला कोपरा, तसं झालं. धूळ बसू नये म्हणून मला त्याच्यावर पांघरतात. पृथ्वी त्याच्यात झळझळीत दिसते, मी कशाला खोटं बोलू? पण काचेला हात लावायची मुलांना बंदी आहे. ते तळवे मला फार आठवतात.

मित्रांनो, चित्र कितीही देखणं असो, ते ज्यावर पडलंय ते आधी बघा. कुणी हसलं म्हणून हात काढून घेऊ नका. आणि जुनं सुती कापड पेटवून देऊ नका. बाई सांगायच्या, कापसाच्या झाडाने हवेतून कार्बन ओढला, त्याचंच माझं सूत झालं; जाळलं की तो परत हवेत जातो. फडकं करा, पोतेरं करा, मी कुरकुरेन पण चालवून घेईन. जोवर वापराल तोवर तो कार्बन मी धरून ठेवीन. हट्टी आहे मी.