शेवटच्या चार ओळी

कोंडिबाकाका आठवले की आधी शिशाचा वास येतो, मग खिडकीतून तिरपं उतरलेलं हिवाळ्याचं ऊन. त्या उन्हात त्यांची काळवंडलेली बोटं अक्षरांचे खिळे उचलायची, खळ्यातले दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखी. बेलापूरच्या आमच्या छापखान्यात उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांचे शब्द जुळवण्यात घालवलं. शिशाची ओळ मावली नाही तर बाहेर उभी राहते, लपत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं.

मग संगणक आला, खिळे पोत्यात गेले, आणि पानं लावायला मी बसले. आपलं आपणच शिकलेली, तोरा काय विचारता! पडद्यावर चौकट आखायची, तिच्यात मजकूर ओतायचा. मावला नाही तर चौकटीच्या तळाशी लाल त्रिकोण उमटतो. आत अजून ओळी आहेत, म्हणून.

गावच्या दिवाळी अंकासाठी काकांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं लिहिलं, गेलेल्या बायकोवर. संसारभर त्यांनी तिला 'अगं' एवढीच हाक मारलेली. बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. ते नाव, गिरजा, त्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. आणि ऐन वेळी साड्यांच्या दुकानाची जाहिरात आली. तिला जागा करायला मी काकांच्या मजकुराची चौकट खालून वर सरकवली. लाल त्रिकोण दिसला होता, बरं का. नंतर बघू म्हटलं, नि विसरले.

अंक छापून आला. काका ओळीखाली बोट धरून वाचू लागले. मजकूर संपला तरी बोट चालतच राहिलं, जाहिरातीतल्या पदरावर जाऊन थांबलं.

"पोरी, तिचं नाव कुठं हाय गं?"

"काका, यंत्रानं गिळलं," मी म्हणाले.

त्यांनी संगणकाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. नवं हाय ते. शिकंल."

रागावले असते तर सुटले असते मी.

ते कोल्हारच्या एस.टी.त बसून गेल्यावर मी चौकट खाली ओढली. आत दडलेल्या चारही ओळी अलगद उतरल्या, गिरजासकट. हरवलं काहीच नव्हतं. खरं सांगायला उद्या जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता काकाच गेले. आता वाटतं, काळही अशीच चौकट वर सरकवत नेतो. माणसं पुसली जात नाहीत, तळाशी दुमडून राहतात, आणि तो लाल त्रिकोण उरल्या आयुष्यात एकट्या मलाच दिसत राहतो.