धाकट्या टेंबेवर पाप उतरतं

"एकसष्टची सत्तावन्न!" माथ्यावरून हाळी आली आणि पायथ्याशी दीडदोनशे माणसांनी हात जोडले. कुणाच्या तरी मावशीचं चार किलो पाप नुकतंच उतरलं होतं.

गोव्यातल्या लाटंबार्से गावाच्या काजूबागांमागे धाकटी टेंब नावाचा डोंगर आहे. चढ अर्ध्या तासाचा, पण भिंतीसारखा. खाणी बंद पडल्या त्या वर्षी त्याच्या माथ्यावर हलकेमहाराज येऊन बसले. खाली एक वजनकाटा, वर दुसरा. खाली वजन करायचं, चपला काढून चढायचं, वर पुन्हा वजन करायचं. जो फरक येईल ते पाप.

मी तिथे भांडाफोड करायला गेलो होतो. निदान तसं मी चारचौघांत सांगून ठेवलं होतं.

भाषणाचा पहिला परिच्छेद (जे मी केलं नाही)

"बंधुभगिनींनो, विज्ञानाच्या या युगात..." पुढची शाई घामाने पुसली गेली आहे.

का गेलो

यशवंत माझा शाळेपासूनचा मित्र. खाणीवर ट्रक चालवायचा. हृदय कमजोर झाल्यामुळे त्याच्या अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज वजन करा, दोन किलो वाढलं तर तडक या. घरात काटा नव्हता. डोंगरावर दोन सापडले. दोन रविवारांत महाराजांनी त्याचे आठ किलो उतरवले. गोळ्या पहिल्याच रविवारी बंद झाल्या.

त्याची बायको आनंदी माझ्या दारात आली.

"भावजी, आठ किलो गेले म्हणतत. मगे ह्येंच्या चपलेचो पट्टो कित्याक लागणा नाय? तुमी भाषणां करतास. येवा आणि सांगा तेंका."

"मी बघतो," मी भारदस्त आवाजात म्हणालो.

८६ किलो

खालचा काटा मोठ्या तबकडीचा. त्यावर कायम एक पितळी कलश. आधी आपण काट्यावर चढायचं, मग गोपाळ नावाचा सेवेकरी कलश उचलणार. उतरताना उलट: आधी कलश ठेवणार, मग आपण उतरायचं.

"असं का?" मी विचारलं. माझ्या शंकेखोर स्वभावाचा त्या दिवसातला हा सर्वोच्च क्षण.

"रिकाम्या काट्यार जगाचा पाप येवन बसता," गोपाळ म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे झालो.

चढ (या भागात वाक्यं पूर्ण होणार नाहीत)

मी पिशवीत लोहचुंबक, भिंग आणि. जांभ्या दगडाच्या पायऱ्या अशा की गुडघा हनुवटीला. यशवंत दर दहा पावलांना थांबत होता. मी दर आठ. तो आजारी होता, माझ्याकडे तेवढंही.

"बाजूक जा रे पुता," डोक्यावर नारळांची पाटी घेतलेली एक म्हातारी म्हणाली आणि मला ओलांडून वर गेली.

आनंदी नवऱ्याच्या मागे मागे चढत होती, हात पुढे धरून, तो पडलाच तर.

८२ किलो

वरच्या काट्यावरही तसाच कलश. तो उचलल्यावर काटा ब्याऐंशीवर थांबला तेव्हा मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी पोट आत घेतलं. काट्यावर पोट आत घेऊन उपयोग नसतो हे विज्ञानाचा प्रचारक म्हणून मला ठाऊक आहे. तरी घेतलं. चार किलो! वीस वर्षांत कुठल्याही डॉक्टरला जमलं नव्हतं.

"घाम म्हणजे काय?" महाराज सांगत होते. "पापाचं पाणी! डॉक्टर पाणी काढतो, पाप आतच ठेवतो. आम्ही मुळासकट काढतो. असा डोंगर अमेरिकेतसुद्धा नाही, चौकशी केलीय आम्ही!"

यशवंतचे शहात्तरचे बहात्तर झाले. तो खडकावर बसला. ओठ निळसर, श्वास शिट्टीसारखा. तरी हसत होता.

"बघलंस? बारा किलो झाले."

"आता गोळ्या दरीला अर्पण करा," महाराज म्हणाले. "दोन औषधं एका देहात भांडतात."

यशवंतने खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली. आनंदीने माझ्याकडे पाहिलं. माझी वेळ आली होती.

"असं आहे," मी घसा साफ केला, "उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी होतं..."

"हय? ह्या डोंगरार कितक्या कमी होता?" आनंदीने विचारलं.

मी मनात हिशेब केला. "चारेक ग्रॅम."

लोक हसले. महाराजही हसले. खरं तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

आनंदी उठली. दर एप्रिलला ती काजूबियांचं पोतं घेऊन व्यापाऱ्याकडे जाते. तिथे पोतं काट्यावर टाकायच्या आधी प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणते. तेच ती इथे म्हणाली, फक्त कलशाचं जोडून.

"तो कलश उचल. रिकामो काटो दाखय."

"अगं, जगाचं पाप..." महाराज म्हणाले, पण तिने कलश उचललाही होता. काटा शून्यावर.

गर्दीने तिची टर उडवली. मी काय केलं? महाराजांना म्हणालो, "माफ करा हं, तिला समजत नाही."

"ह्यो खरो," आनंदी शांतपणे म्हणाली. "आता खालचो बगूक होयो."

महाराजांची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "खालचा... खालचा काटा या वेळी विश्रांती घेतो."

ती नवऱ्याकडे वळली. "त्यो गोळ्यो खिशात घाला. मी खाली पावासर टाकू नकात." आणि निघाली. काजू वेचणारी बाई, उतारावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मागून अर्धी गर्दी. त्यामागून मी, बराचसा बसून.

साडेतीन किलो

मी घसरत पोचलो तेव्हा तिने कलश उचलला होता. काट्यावर कोणी नव्हतं. तबकडीवर साडेतीन.

सगळे पुढे सरकून तबकडीवर वाकले. मग गोपाळ ओरडला, "बसला! बघा, जगाचा पाप बसला!"

"जगाचा पाप फकत साडेतीन किलो?" आनंदी म्हणाली.

ती जमिनीवर आडवी झाली, काट्याखाली हात घातला, शून्य जुळवायची फिरकी चाचपली आणि फिरवली. काटा सरकत शून्यावर आला.

"गेला बघा. फिरकीन गेला."

पहिली हसली ती नारळवाली म्हातारी. पण पाटी डोक्यावर घेऊन ती अख्खा डोंगर चढली होती, त्यामुळे हसू ओसरल्यावर सगळ्यात जास्त रागही तिलाच आला. तिने गोपाळला जे सुनावलं ते छापता येणार नाही. उरलेला अर्धा किलो म्हणजे पायातल्या चपला आणि घाम, हे जाहीर करण्याचा मान मला मिळाला. कोणी ऐकलं नाही.

७२ किलो

यशवंत शेवटी उतरला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. काय झालं ते त्याने ऐकून घेतलं.

"माका घाला काट्यार," तो म्हणाला.

बहात्तर. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या कागदावर सदुसष्ट होते. त्याने घोट्यावर बोट दाबून सोडलं. खळगा पडला तो भरलाच नाही. मग दुसऱ्या घोट्यावरही दाबून पाहिलं.

"बारा उतरले नाय," तो म्हणाला. "पाच चढले."

"चला डिचोलीक," आनंदी म्हणाली. "दाक्तर ओरडतलो. ओरडू दी."

डॉक्टर ओरडले. यशवंतला सहा दिवस ठेवून घेतलं, पाणी काढलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणखी एक रविवार गेला असता तर हे इतकं मजेत सांगता आलं नसतं, हेही ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

महाराज त्याच संध्याकाळी डोंगराच्या पलीकडच्या बाजूने उतरून गेले. त्या डोंगरावरून खरोखर उतरलेलं पाप तेवढंच.

आता भाषण. छोटं आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, समोरचा कितीही आकडे दाखवो. आकडा दिसला की तो कुठून मोजायला सुरुवात केली ते विचारा. विचारलं म्हणून कोपणारा माणूस काहीतरी झाकतोय असं समजा. आणि असं विचारायला पदवी लागत नाही. माझ्याकडे दोन आहेत, मी विचारलं नव्हतं.