केबल मुरवायचे दोनशे तास

दिवाणखान्याचं दार पाच दिवस बंद होतं आणि आत कोणी नसतानाही गाणी वाजत होती. का, तर केबल मुरत होती!

नवऱ्याच्या टेबलावर दोन डबे होते. एकात गाणी आकड्यांच्या रूपात साठवलेली, तो सर्व्हर. दुसरा त्या आकड्यांचे सूर करणारा, तो कन्व्हर्टर. दोघांत अंतर वीतभर. त्या वीतभर अंतरासाठी या माणसाने दोन वर्षांत तिसरी केबल आणली होती, आणि ही म्हणे दोनशे तास सलग वाजवल्याशिवाय खुलत नाही. मध्येच थांबवलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. भिंतीवर तासांचा तक्ता चिकटवला होता. मुलीच्या परीक्षांचं वेळापत्रक याला कधी धड माहीत नसायचं!

बायकोचं डोकं फिरलं होतं ते वेगळ्याच कारणाने. शनिवारी तिचा व्हायोलिनचा कार्यक्रम होता, अकरा वर्षांनी पहिला. चौघी मिळून वाजवणार होत्या, आणि चौघी मावतील अशी घरात ही एकच खोली. आज चारला बाकीच्या तिघी यायच्या होत्या. ही शेवटची तालीम.

“अहो, चारला खोली रिकामी हवी. तीनदा सांगितलंय.”

“आज? अगं, एकशे अठरा तास झालेत! पुढच्या आठवड्यात बोलाव ना त्यांना. गप्पा काय, कधीही मारता येतात.”

गप्पा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ते राहू दे, आधी हे ऐक,” म्हणत त्याने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. कोणी एक बाई व्हायोलिन वाजवत होती. “बघ, गज तारेला टेकतो तेसुद्धा कळतं. समोर बसून वाजवतेय असं वाटतं की नाही?”

वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्याचाच तिला जास्त संताप आला. तीन महिने ती बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनवर कोपर आपटत सराव करत होती, कारण साहेबांच्या ऐकण्यात व्यत्यय नको. एक दिवस, एक दिवस तरी या माणसाने विचारलं का, की काय वाजवतेस म्हणून?

ती उठली आणि केबल दोन्ही टोकांनी उपसून त्याच्या हातात दिली.

“वेड लागलंय का तुला? पाच दिवस मातीत घातलेस!”

तिने व्हायोलिन आणलं, खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि उभ्या उभ्याच आपला सगळ्यात अवघड भाग वाजवायला घेतला. एका जागी गज घसरला. तिने ती जागा पुन्हा घेतली, या वेळी नीट आली.

नवरा केबल धरून उभाच राहिला.

“अगं... तू परत वाजवायला लागलीस? कधीपासून?”

तिचा हात थांबला. इतका वेळ नुसता राग होता, आता रडू येईलसं वाटलं. तिने गज खाली घेतला. तेवढ्यात बेल वाजली.

“त्या तिघींना विचारा,” ती म्हणाली. “जा, दार उघडा.”