बेस्नाचा पांढरा रुमाल

तुर्कस्तानात दियारबकीरच्या पलीकडच्या सेरकानी या कुर्दांच्या गावानं झिनारला तिसऱ्यांदा नगराध्यक्ष केलं होतं. आधी दोन्ही वेळा सरकारनं त्याला तुरुंगात घातलं आणि खुर्चीवर आपला प्रशासक बसवला. "तुझी खुर्ची न्हाव्याची आहे रे," चहावाला रेशो त्याला चिडवायचा, "दाढी झाली की उठायचं!" झिनारही हसायचा. तुरुंगाचं भय त्याला उरलं नव्हतं. पण मागच्या वेळी त्याला नेताना दगडफेक झाली, गोळी चालली आणि शेजारचं पोरगं गेलं. या वेळी रक्त सांडू द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं.

मंगळवारी भरदुपारी पोलिसांच्या गाड्या नगरपालिकेपुढं थांबल्या. बघता बघता चौक भरला. पोरांनी फरशा उखडायला घेतल्या.

"खाली ठेवा ते! मी जातो म्हणतोय ना!" झिनार पायरीवरून ओरडत होता. ऐकतो कोण? समोर बंदुका वर झाल्या.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई बेस्ना गर्दीतून पुढं आली. डोईचा पांढरा रुमाल सोडून तिनं तो दोन्ही बाजूंच्या मधोमध टाकला.

कुर्दांत यापुढं बोलणं नाही. बाईनं रुमाल टाकला की पिढीजात वैरही तिथंच थांबतं. जो ओलांडेल तो माणसांतून उठला. पोरांचे हात आपोआप खाली आले. पोलिसांचा साहेब पार पश्चिमेकडचा. त्याला काही उमगलं नाही, पण एवढा जमाव एकदम गप्प झालेला बघून तोही थबकला.

झिनारचा जीव भांड्यात पडला.

मग मागच्या गाडीतून हिकमेत उतरला. त्याचा उपनगराध्यक्ष, लहानपणापासूनचा सोबती. यालाही धरलं की काय, असं झिनारला वाटलं. पण हिकमेतच्या हातात बेड्या नव्हत्या. अंगावर नवा सूट होता.

"हिकमो, तू?"

"तुझ्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच ना, झिनार. परक्यापेक्षा मी बरा." हिकमेत मान खाली घालूनच चालू लागला.

"रुमाल आहे, बाळा," बेस्ना म्हणाली. "तुझा बाप अशाच रुमालानं वाचला होता."

हिकमेत क्षणभर थांबला. मग त्यानं रुमाल ओलांडला. बुटाची टाच काठावर पडली. तो पायऱ्या चढून झिनारच्या शेजारून आत गेला.

रेशोच्या हातातले पेले खळकन फुटले, तरी कुणी मान वळवली नाही.  बेड्या कधी पडल्या, गाडीत कधी बसवलं, झिनारला कळलं नाही.

"ते फडकं कसलं होतं?" साहेबानं विचारलं.

झिनारनं सांगितलं.

"मग त्या माणसाला ठाऊक नसेल."

"साहेब, ठाऊक तुम्हाला नव्हतं. तुम्ही थांबलात."

गाडी चौकातून निघाली. रक्त सांडलं नव्हतं. त्याला हवं होतं तेच झालं होतं. आणि तरी तो कान देऊन बसला होता, मागून एखादा तरी दगड येऊन पत्र्यावर आदळावा म्हणून.