कोपरभर खड्डा

"कोपर बुडेपर्यंत खण, मगच बस. आणि उठल्यावर माती लोट, आईनं तान्ह्याला पांघरूण घालावं तशी!"

हा माझ्या पहिल्या धन्याचा, तिबेंदाबाबांचा आवाज. बाबा जाऊन कैक पावसाळे झाले, त्यांच्या मातीवर केळी वाढल्या. पण तो आवाज माझ्या पात्यात अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. गोरिलांच्या ब्विंडी जंगलाकाठी, बाकिगा शेतकऱ्यांच्या डोंगरउतारावर मी घडले. लोहाराने मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला ठोकून काढलं, निलगिरीचा दांडा बसवला. माझ्या बहिणी शेतात गेल्या. मला मात्र गोरिलांचा माग काढणाऱ्यांनी नेलं. माझं काम ऐकून हसू नका. जंगलात कुणाला परसाकडे लागलं, की खड्डा खणायचा आणि बुजवायचा. कारण माणसाच्या पोटातले जंत मातीत उतरतात आणि तिथून गोरिलांच्या हातापायांना लागतात. त्यांचं पोट आणि आपलं पोट, बाबा म्हणायचे, एकाच कुंभाराची दोन मडकी.

बाबांमागून मी बारुगाहारेच्या खांद्यावर आले. माणूस मायाळू. माग काढता काढता गुणगुणायचा:

मोडलं गं पान, कोण गेलं रानातून?
काळी माय गेली, लेकरू पाठीवर घेऊन.

ते लेकरू म्हणजे करुंगी. गोरिलांच्या सगळ्या कळपात धाकटी. एकदा ती माझा दांडा धरायला धावत आली. बारुगाहारेने मला झटकन मागे ओढलं. "लांब गं बाई, लांब! माझ्या हाताची घाण तुला नको."

इतका जपणारा माणूस होता तो, मित्रांनो. म्हणून तर पुढचं सांगताना माझं पातं गंजल्यासारखं जड होतं.

पेरणीचे दिवस होते. त्याची बायको कोबुसिंग्ये हिच्या कुदळीचा दांडा मोडला. "आजच्या दिवस तुमची राणी घरी ठेवा," ती म्हणाली.

"ने. पण घासून घे हो, तिला काय काय लागलेलं असतं!"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा मी घेवड्यासाठी माती उकरली. बायका म्हणाल्या, "धार बघा हिची!" मी दिवसभर त्या कौतुकात न्हात राहिले. जंगल मला आठवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तो पोट दाबत परतला.

"सकाळपासून बिघडलंय तुमचं," कोबुसिंग्ये म्हणाली. "जंतांची गोळी घेतलीत ना?"

"कुठची? गोळ्या वाटल्या त्या दिवशी मी आजाऱ्याची डोली खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेलो होतो. राहूनच गेली."

"मग रानात आज कसं केलंत? कुदळ तर माझ्याकडे."

"ओढ्याकाठी बसलो, वर पानं टाकली. जंगल काय वास घेत फिरतंय?"

दोघं हसली. मला तोंड असतं तर मीही हसले असते.

घेवड्याला शेंगा लागल्या, तेव्हा करुंगी आईच्या मागे पडू लागली. पोट फुगलेलं, केस राठ, डोळे मलूल. कळप रोज त्याच ओढ्याकाठी पाला खायला उतरायचा. जनावरांच्या डॉक्टर निन्सीमा आल्या. त्यांनी गोरिलांच्या रात्रीच्या घरट्यांतली विष्ठा तपासली आणि सगळ्यांना वनचौकीच्या पडवीत बोलावलं.

"जंत फार झालेत," त्या म्हणाल्या. "पण थोडे जंत जंगलातही असतातच. जंगलाचं दुखणं जंगलानं निस्तरायचं, हा आपला नियम. माणसानं दिलेलं असेल तरच मला औषध देता येतं. खड्ड्याविना कुणी बसलं होतं का?"

एक सोबती ओरडला, "डॉक्टरबाई, आमचा बारुगाहारे तर शिंकायलाही खड्डा खणतो!"

पडवी हसली. बारुगाहारेही हसला. पण त्याने मला हळूच पाठीमागे सरकवलं. खड्डा न खणणाऱ्याने खांद्यावरची कुदळ खाली ठेवायची आणि पुन्हा जंगलात यायचं नाही, हे नव्या पोरांना तोच शिकवायचा.

"उद्या सकाळी मी निघेन," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर आठवून बघा."

घरी कोबुसिंग्येने नव्या शेंगांचं कालवण वाढलं. त्याने ताट सरकवलं.

"का हो?"

"उतरत नाही घशाखाली. करुंगी त्याच ओढ्याकाठी खाते."

तिने त्याचं ताट बाजूला ठेवलं. "मला काय सांगता? मी तर कुदळ मागून घेणारी. सांगायचं ते डॉक्टरबाईंना सांगा. तुमची नोकरी वाचवून ते लेकरू जगायचं नाही."

मित्रांनो, ज्या कामाला लोक नाक मुरडतात, त्या कामाला एका दिवसाचीही सुट्टी देऊ नका. मला शेतात मिरवायचं होतं, त्याला निभावून न्यायचं होतं, आणि भोगत होती ती, जिला आमची भाषाही येत नाही. जमिनीवर टाकलेलं पान म्हणजे पांघरूण नव्हे. आपली घाण आपण बुजवा. आणि राहून गेलीच, तर वेळेवर तोंड उघडा. मला ते नाही, तुम्हाला आहे.

सकाळी डॉक्टरांची गाडी सुरू झाली होती. बारुगाहारे चिखलातून धावत आला. त्याने मला खांद्यावरून उतरवलं आणि त्यांच्या पायांशी ठेवलं.

"थांबा, डॉक्टरबाई. त्या दिवशी ही माझ्या शेतात होती आणि मी ओढ्याकाठी. करुंगीचं दुखणं जंगलाचं नाही. माझ्या पोटातलं आहे. तिला औषध द्या."