बेडकावर जळणारा माणूस

"मेला का गं ह्यो?" ज्ञानदेवनं विचारलं. खरं सांगायचं तर त्याच्या आवाजात थोडी आशाच होती.

"नाही ओ पप्पा, उठतोय. जरा गप्प बसा," टबावर वाकलेली आम्रपाली म्हणाली.

आता बघा, माणसानं जळावं ते शेजाऱ्याच्या फ्लॅटवर, फार तर साडूच्या गाडीवर. ज्ञानदेव जळत होता बेडकावर! महाळुंग्याच्या कंपनीत बावीस वर्षं लोखंड कातायची लेथ मशीन चालवलेला गडी. गेल्या वर्षी पॅरालिसिसनं उजवा हात लुळा पडला. येत्या सोमवारी कंपनीचा डॉक्टर तपासणार होता. हात चालला तर मशीन, नाहीतर कायमचं घर. डाव्या हाताला कामाची सवय लागली की उजवा आळशी होतो, असं म्हणून तो डाव्यानं साधा चहाचा कपही उचलत नसे. बायको शिफ्टला गेलेली, म्हणून लेकीनं आज त्याला आपल्या प्रयोगशाळेत आणून बसवलं होतं.

बेडूक चार महिने थंड पाण्याखाली पडून होता. फुप्फुसं बंद, लागेल तेवढा प्राणवायू कातडीतून. आज पाणी हळूहळू कोमट करून त्याला उठवायचं होतं.

"चार म्हयने श्वासाची मशीन बंद म्हंजे जाम व्हायला पायजे," ज्ञानदेव म्हणाला. "आमी दिवाळीच्या सुट्टीलाबी ग्रीस लावून जातो. ह्याला कुणी लावलं?"

आम्रपाली हसली. "त्याचं तोच लावतो. श्वास चालवणाऱ्या मेंदूतल्या पेशींची जोडणी झोपेतच घट्ट होते, म्हणून उठल्यावर श्वास अडत नाही. आणि उठल्यावर ऑक्सिजन तोडला, तरी त्या पेशी काही तास काम करतात."

"काही तास?"

ज्ञानदेवच्या अंगाची लाही झाली. त्याच्या मेंदूचं रक्त अडलं ते फक्त दवाखाना गाठेपर्यंत. तळेगाव चौकात गाड्या तुंबल्या होत्या, तेवढाच काय तो उशीर. तेवढ्यात हात गेला. आणि ह्या चिखलातल्या मेल्याला सगळी सवलत!

"उठला! पप्पा, उठला!"

बेडकाचा गळा हलत होता. आम्रपाली लहान मुलीसारखी उड्या मारत होती. पॅरालिसिसनंतर आपण दवाखान्यात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ही एवढी कुठं नाचली होती, हे ज्ञानदेवला आठवलं आणि तो आणखीच जळला.

"माझ्याबी आत असंच चाललं असंल का गं? सोमवारपर्यंत..."

तिला खोटं बोलता आलं असतं. "गेलेल्या पेशी उठत नाहीत, पप्पा," ती हळू म्हणाली. "उरलेल्या थोडं शिकतात. पण सोमवारी लेथ... नाही जमणार."

ज्ञानदेव टबावर वाकला. "जिंकलास, भावा," तो बेडकाला म्हणाला.

"रजिस्टरमध्ये वेळ लिहिता का? माझे हात ओले आहेत. चार दहाला गळा हलला."

"दहा न्हाई, अकरा. म्या घड्याळ बघितलं हुतं."

ज्ञानदेवनं डाव्या हातानं पेन उचललं. आकडे वेडेवाकडे पडले.

"वाचता येतंय न्हवं?"

"येतंय, पप्पा."

तरी त्यानं अकरा पुन्हा एकदा गिरवले.